केशरी ठिपका कुठे गेला?

१

सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी कॅप्टनने टेबलावरचा पुठ्ठ्याचा खोका उचलला आणि ती ओरडली, "काका, हे काय हो?"

मी धावत आत गेलो. धावत म्हणजे चार पावलं. आमच्या नेमबाजी क्लबच्या काउंटरवर मी बसतो आणि माझ्या पाठीमागच्या खोलीत माझा मोठा भाऊ बसतो. चौतीस वर्षं झाली, क्लबातलं प्रत्येक पिस्तूल त्याच्या हातून दुरुस्त होतं, साफ होतं. त्याला सगळे काका म्हणतात, मी दादा म्हणतो.

खोक्याखाली कॅप्टनच्या पिस्तुलाची स्लाइड होती. स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा पोलादी भाग. काल ती काळी तुकतुकीत होती. आज तिच्यावर तांबूस गंज चढला होता, सगळीकडे सारखा.

"आणि माझा ठिपका?" कॅप्टन म्हणाली. ही पोरगी क्लबच्या टीमची कॅप्टन, रविवारी तिची मॅच. नेम धरायला स्लाइडच्या टोकावर एक छोटा उंचवटा असतो, त्यावरच्या खळग्यात दादा रंगाचा ठिपका लावून देतो. इतकी वर्षं तिचा ठिपका पांढरा होता. पांढऱ्या कागदावर तो हरवतो म्हणून या वेळी तिने पहिल्यांदाच केशरी मागितला होता. खळगा आता कोरा होता. ना पांढरा, ना केशरी.

"मी लावला होता," दादा म्हणाला. "तेलसुद्धा लावलं होतं."

आता हे तेलाचं प्रकरण सांगायला हवं. दादाकडे अल्ट्रासॉनिक क्लीनर आहे. पावाच्या डब्याएवढी स्टीलची टाकी, आत साबणाचं पाणी. बटण दाबलं की पाण्यात डोळ्याला न दिसणारे बुडबुडे फुटत राहतात आणि जिथे ब्रश पोचत नाही तिथला मळही ओढून काढतात. मशीन चालू झालं की घुंईऽऽ असा आवाज येतो, म्हणून आम्ही त्याला घुंईच म्हणतो. पण ही घुंई मळाबरोबर तेलही धुऊन नेते. त्यामुळे बाहेर काढलं, खंगाळलं, वाळवलं की लगेच तेल लावायचं. नाही लावलं तर पोलाद एका रात्रीत गंजतं. इथे पहिल्या दिवशी आलेल्यालाही हे माहीत असतं. दादाने तेल विसरणं म्हणजे दूध गॅसवर ठेवून गावाला जाणं.

दादा अर्धा मिनिट त्या स्लाइडकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "लावलं होतं ना रे मी?"

मला काय माहीत? मी बाहेर काउंटरवर होतो. पण त्याने ते मला विचारलं. आमचे बाबाही असंच विचारायचे. आधी कुलूप लावलं का, मग जेवलो का, आणि शेवटच्या वर्षी मला, तू कोण म्हणून.

२

सेक्रेटरीसाहेब आले. माणूस वाईट नाही, पण गंभीर चेहरा करायची त्यांना फार हौस. स्लाइड बघून त्यांनी तो केलाच.

"आज तेल विसरलात, ठिपका विसरलात," ते म्हणाले. "उद्या स्प्रिंग उलटी बसली आणि कुणाच्या हातात काही झालं तर? चार वाजता कमिटी आहे. मला हा विषय घ्यावाच लागेल."

"आणि खोली तुमच्या भाच्याला द्यावीच लागेल, असंच ना?" मी म्हणालो. त्यांचा भाचा नुकताच पिस्तूल दुरुस्तीचा कोर्स करून आला होता.

"तू गप रे," दादा मला म्हणाला. खिशातून त्याने खोलीची किल्ली काढली आणि सेक्रेटरीसाहेबांसमोर ठेवली. "साहेबांचं बरोबर आहे. मला आठवतंय असं वाटतं, पण वाटण्यावर पिस्तूल चालवता येत नाही. चारपर्यंत ठेवा तुमच्याकडे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौतीस वर्षांची किल्ली अशी ठेवतात? मी काउंटरवर गेलो आणि वहिनींना फोन लावला. दुसरं कोण होतं माझं ऐकून घ्यायला!

वहिनी म्हणजे दादाची बायको. तीस वर्षं त्या दातांच्या दवाखान्यात होत्या, हत्यारं धुणं, उकळणं, मांडणं हे त्यांचं काम. तिथेही घुंई होती, आमच्याहून मोठी. गेल्याच वर्षी निवृत्त झाल्या. त्या कमी बोलतात आणि बघतात फार. लग्नात त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं होतं आणि खिशातले चार लाडू काढून ठेवायला लावले होते.

वीस मिनिटांत त्या आल्या. कुणालाही धीरबीर दिला नाही. पर्स माझ्या काउंटरवर ठेवली आणि दादासमोर स्टूल ओढून बसल्या.

"अहो, काल दुपारपासून काय केलंत ते सांगा. आठवू नका, नुसतं करून दाखवा."

दादाने रिकाम्या हातांनी करून दाखवलं. चार वाजता स्लाइड घुंईत. मग खंगाळणं, वाळवणं. पाचला काडीच्या टोकाने केशरी ठिपका. रंग जरा धरेपर्यंत तेल लावता येत नाही, म्हणून दिव्याखाली ठेवून बाकीच्या भागांची जुळणी. सव्वासहा व्हायच्या आत... इथे त्याचा उजवा हात आपणहून तेलाच्या बाटलीकडे गेला आणि हवेतच थांबला.

"लावलं असं वाटतंय गं," तो म्हणाला. "पण सकाळपासून इतक्यांदा वाटलंय की आता खरं कुठलं ते कळत नाही."

"राहू दे. पुढे?"

"मग टाकीतलं पाणी फेकलं, टाकी पुसली, नवं पाणी भरलं. रात्रभर बसलं की सकाळी चांगलं चालतं. रंगाला धूळ लागू नये म्हणून स्लाइडवर खोका झाकला. बाकीचं पिस्तूल घेऊन साहेबांबरोबर तिजोरीच्या खोलीत गेलो. परत आलो, दिवा बंद केला, खोलीला कुलूप लावलं."

"खोका उचलून बघितलात?"

"छे! ओल्या रंगाला सकाळपर्यंत हात लावायचा नसतो."

"आणि आज सकाळी मशीन लावलं कुणी?"

"कुणीच नाही."

वहिनी उठल्या. स्लाइड खिडकीपाशी नेऊन उलटसुलट बघितली. मग टाकीचं झाकण काढून मोबाइलचा टॉर्च आत मारला आणि बराच वेळ वाकून उभ्या राहिल्या.

"भाऊजी," त्या मला म्हणाल्या, "तुमची चहाची गाळणी आणा."

गाळणी त्यांनी टाकीच्या कोपऱ्यात बुडवली, हळूच वर काढली आणि माझ्यापुढे धरली. जाळीवर नखाच्या कपच्यापेक्षाही लहान, केशरी रंगाची एक टिकली चिकटली होती.

३

"ठिपका!" मी ओरडलो.

"ओरडू नका, उडून जाईल," वहिनी म्हणाल्या. टिकली त्यांनी कागदावर घेतली. वरून सपाट आणि खालून फुगीर, खळग्यात भरलेला रंग अख्खाच्या अख्खा निघून आला होता. दादाने भिंग लावून बघितलं, मग स्लाइडवरच्या खळग्याशी धरून बघितलं. तंतोतंत.

"आता ऐका," वहिनी म्हणाल्या. "हा रंग तुम्ही पाचला लावलात. त्यानंतर टाकी पुसून नवं पाणी भरलंत. आणि ठिपका सापडला तो या नव्या पाण्यात. याचा अर्थ तुमचं सगळं काम संपल्यावर स्लाइड पुन्हा टाकीत गेली. रंग पुरता सुकला नव्हता, तो सुटून आला. तेल होतं, तेही धुऊन गेलं. तुम्ही काहीही विसरला नाहीत."

दादाने चष्मा काढून डोळे पुसले. परवाच म्हणत होता की जुन्या काचांतून धूसर दिसतं, म्हणून तर हा नवा चष्मा आला होता. पण आत्ता तो काचेमुळे पुसत नव्हता.

"का रे, काकांनीच परत धुतली आणि विसरले, असं म्हणतील ना?" तो मला म्हणाला. त्याचं अजून समाधान होत नव्हतं. आणि खरंच, सेक्रेटरीसाहेब हेच म्हणाले असते.

पण मला तोवर सगळं समजलं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

"वहिनी, काल सव्वासहा-साडेसहाला घुंई वाजत होती! मी बाहेर ऐकली. दादाच असेल म्हणून लक्ष दिलं नाही. आणि पावणेसहाला कोण आलं होतं माहितीये? भाचा! 'जरा खोली बघतो' म्हणाला. खोली पाहिजे ना त्याला? दादाचं नाव खराब केलं की खोली मिळाली. थांबा, बघतोच त्याच्याकडे."

"भाऊजी, थांबा," वहिनी म्हणाल्या. पण मी थांबणाऱ्यातला नाही.

४

भाचा रेंजवर कॅप्टनबरोबर उभा होता. मी गेलो आणि तोंडाला येईल ते बोललो. काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. भाचा तिशीचा, धिप्पाड गडी. मनात आणलं असतं तर मला एका हाताने उचलून निशाणाच्या जागी लटकवलं असतं. पण तो निमूट ऐकत राहिला.

"काल मी दारातूनच खोली बघितली," मी दमल्यावर तो म्हणाला. "काका आत जुळणी करत होते, विचारा त्यांना. सहाला मी इथे आलो. साडेसातपर्यंत इथेच होतो."

"खरंय," कॅप्टन म्हणाली. "माझ्याबरोबरच होता. त्याला आपल्या टीममध्ये यायचंय, मी त्याचा सराव घेत होते. मध्ये एकदाही हलला नाही."

तोवर वहिनी मागून येऊन पोचल्या होत्या, हातात ती स्लाइड.

"बाळ, एक सांग," त्या भाच्याला म्हणाल्या. "कुणाला मुद्दाम गंज चढवायचा असेल तर तो काय करेल?"

"धुऊन ओलीच ठेवेल," भाचा लगेच म्हणाला. "जिथे थेंब राहतील तिथे खोल डाग पडतील."

"मग हिच्यावर थेंबांचे डाग दाखव."

भाच्याने स्लाइड फिरवून फिरवून बघितली. एकही डाग नव्हता. सगळीकडे हलका, एकसारखा थर. आतल्या खाचांत तेवढा जरा जास्त.

"कुणीतरी चांगली कोरडी पुसलीय," तो म्हणाला. "मनापासून पुसलीय. मग तेल का नाही लावलं?"

"तेच तर," वहिनी म्हणाल्या आणि सेक्रेटरीसाहेबांच्या केबिनकडे वळल्या. मी भाच्याची माफी मागितली. मागितली म्हणजे पुटपुटलो. तो हसला आणि म्हणाला, "काकांसाठी बोललात ना, मग ठीक आहे." आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

केबिनमध्ये वहिनींनी एकच प्रश्न विचारला. काल संध्याकाळी दादा तिजोरीच्या खोलीत किती वेळ होता?

"सव्वासहाला आम्ही आत गेलो," सेक्रेटरीसाहेब म्हणाले. "सगळी पिस्तुलं ठेवून, कुलपं लावून, सह्या करून पावणेसातला बाहेर आलो. दोघांच्या किल्ल्या लागतात, त्यामुळे तोवर कुणालाच हलता येत नाही."

"आणि भाऊजींनी घुंई ऐकली ती याच वेळात."

सेक्रेटरीसाहेबांचा गंभीर चेहरा हळूहळू उतरला. "म्हणजे काकांनी धुतली नाही."

"नाही. भाऊजी, त्या अर्ध्या तासात तुमच्यासमोरून त्या खोलीत कोण गेलं?"

"कुणीच नाही!" मी छातीवर हात ठेवून म्हणालो. "आईशप्पथ, परका माणूस एक गेला नाही."

"परका नाही," वहिनी माझ्याकडे बघत म्हणाल्या. लाडू काढायला लावले होते तेव्हा बघितलं होतं, तसंच.

५

आम्ही सगळे खोलीत परत आलो. वहिनींनी घुंईच्या पुढच्या बाजूला, तापमानाच्या बटणावर बोट ठेवलं.

"हे बटण कितीवर असतं?"

"साठवर," दादा म्हणाला. "गरम पाण्यातच ग्रीस सुटतं. मी ते कधी हलवतच नाही."

"आत्ता कुठे आहे?"

शून्यावर होतं. इतक्या जणांनी सकाळपासून त्या मशीनकडे बघितलं, पण बटण एकानेही बघितलं नव्हतं.

"पिस्तूल साफ करणारा माणूस पाणी गार ठेवणार नाही," वहिनी म्हणाल्या. "ज्याला मशीन माहीतच नाही, तो बटणाला हात लावणार नाही, आहे तसं चालू करेल. मुद्दाम शून्यावर आणलं, म्हणजे मशीन रोज वापरणारा माणूस आहे, पण बंदुकीतला नाही. त्याच्या कामात पाणी गारच लागतं. मशीन झाल्यावर तो निगुतीने पुसतो आणि तिथे त्याचं काम संपतं. तेल लावायचं असतं हे त्याला ठाऊकच नाही."

"असं कोण असतं?" कॅप्टनने विचारलं.

"एक तर मी," वहिनी म्हणाल्या. "दातांच्या हत्यारांना रक्त लागलेलं असतं, गरम पाण्यात ते आणखी घट्ट चिकटून बसतं. आम्ही गारच चालवायचो."

सेक्रेटरीसाहेब चपापून त्यांच्याकडे बघायला लागले.

"मी काल सहा वाजता घरी भाजी निवडत होते, घाबरू नका," वहिनी म्हणाल्या. "पण आणखी एकांना गार पाणी लागतं. गरम पाण्यात काचेवरचा थर तडकतो म्हणून." मग त्या दादाकडे वळल्या. "अहो, हा नवा चष्मा काल तुम्हाला कुणी दिला?"

दादा म्हणाला, "कुणी दिला नाही. तिजोरीतून आलो तर टेबलावर डबी ठेवलेली होती. मला नवलच वाटलं. रोज तासभर बसल्याशिवाय जात नाही, आणि काल न भेटताच..." तो थांबला.

मी कपाळावर हात मारला.

"भाऊजी?" वहिनी म्हणाल्या.

"आला होता," मी म्हणालो. "चष्मेवाला आला होता. सव्वासहाला, हातात चहाचा ग्लास घेऊन. पण वहिनी, तो रोजच येतो! वीस वर्षं येतोय! त्याला मी मोजतच नाही."

६

चष्मेवाल्याचं दुकान रस्त्यापलीकडेच आहे. क्लबातल्या सगळ्यांचे चष्मे त्याच्याकडचे, आणि दादाशी त्याची दोस्ती इतकी की दोघं एकमेकांवाचून बुद्धिबळात हरूही शकत नाहीत. फोन केला तर पाच मिनिटांत आला. स्लाइडवरचा गंज बघितला आणि मटकन स्टुलावर बसला.

"मी केलं हे?"

"काय केलंस ते आधी सांग," दादा म्हणाला.

"तुझा चष्मा द्यायला आलो, तू नव्हतास. म्हटलं बसू जरा. या खोक्याखाली काय झाकलंय म्हणून उचलून बघायला गेलो आणि हातातला चहा सगळा आतल्या स्लाइडवर. दूध-साखरेचा! मला घामच फुटला. टेबलावर चहा आणायचा नाही असं तू मला किती वेळा सांगितलंयस."

"हजार वेळा."

"म्हणून तर! म्हटलं, तू यायच्या आत साफ करून टाकू. मशीन तर माझ्याकडे आहे तसंच, लहानमोठं इतकाच फरक. बटण शून्यावर आणलं, पाच मिनिटं मशीन चालवलं, स्लाइड माझ्याजवळच्या मऊ फडक्याने लख्ख पुसली, खोका झाकला आणि पळालो. तुझ्यासमोर बसलो असतो तर चेहऱ्यावरून कळलं असतं तुला. रात्री बायकोला म्हटलंसुद्धा, आज काकाचं पिस्तूल मी त्याच्याहून चकचकीत करून ठेवलंय."

"आणि ठिपका?" कॅप्टनने विचारलं.

"कुठला ठिपका?" चष्मेवाला म्हणाला.

पहिल्यांदा कॅप्टन हसली, मग भाचा, मग सेक्रेटरीसाहेबसुद्धा, आणि त्यांना हसताना मी तरी पहिल्यांदाच बघितलं. चष्मेवाला मात्र रडकुंडीला आला होता.

"अरे, तुझ्यामुळे याने किल्ली देऊन टाकली!" मी त्याला म्हणालो. "सकाळपासून स्वतःला बाबांच्या रांगेत बसवून घेतलंय त्याने."

चष्मेवाल्याने दादाचा हात धरला. "दोस्ता, मला शिव्या घाल. चांगल्या घाल."

"घालीन," दादा म्हणाला. "आज नको. आज मला फार बरं वाटतंय."

सेक्रेटरीसाहेबांनी खिशातून किल्ली काढली आणि दोन्ही हातांनी दादाला दिली. "काका, मी विचारायला हवं होतं, मी ठरवूनच टाकलं. चुकलं माझं. कमिटीपुढे आता एकच विषय घेतो, या खोलीत चहाला बंदी."

"आणि मला?" चष्मेवाल्याने विचारलं.

"तुम्हाला नाही. फक्त ग्लास बाहेर."

दादाने लगेच स्लाइडला तेल चोपडलं, अगदी बारीक तारेची मऊ घासणी, स्टीलवुल, घेतली आणि हलक्या हाताने घासायला बसला. गंज वरवरचा होता, दोन तासांत उतरला. भाचा शेजारी उभा राहून बघत होता, दादा त्याला हात किती हलका ठेवायचा ते दाखवत होता. कॅप्टनला नवा केशरी ठिपका मिळाला. या वेळी दादाने खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हात लावाल तर बघा'.

सगळे पांगल्यावर खोलीत दादा आणि वहिनी दोघंच उरले. मी काउंटरवर होतो. माझी पाठ होती त्यांच्याकडे, पण कान काही फिरवता येत नाहीत.

"एक विचारू?" दादा म्हणाला. "टाकीत काहीच सापडलं नसतं तर?"

"तर घरी जाऊन तुम्हाला सांगितलं असतं, की तुम्ही विसरलात," त्या म्हणाल्या. "खोटं नसतं सांगितलं. आणि उद्यापासून रोज सहा वाजता इथे येऊन बसले असते. तुम्ही तेल लावायचं, मी बघायचं."

"रोज?"

"रोज. दवाखाना सुटल्यापासून घरी दुसरं काय करते मी?"

आत तेलाची बाटली टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, दादा कामाला लागला असेल.

"मग ये की," तो म्हणाला. "विसरलो नाही, तरी ये."

दुसऱ्या दिवशी सहाला पाच कमी असताना वहिनी आल्या. माझ्या काउंटरमागची दुसरी खुर्ची, ती चांगली गादीवाली, उचलली आणि आत घेऊन गेल्या. मला विचारलंसुद्धा नाही.